इफिसच्या समईवर बोट दाखवण्याआधी



गेल्या मे महिन्यात आम्ही बेळगावहून एकोणीस जण तुर्कस्तानच्या यात्रेला जाऊन आलो. तीन रात्री कुशादासी या समुद्रकाठच्या गावात मुक्काम होता. फोटो तुम्ही पाहिलेत, पेढेही खाल्लेत. आज थोडे भांडायचे आहे. ज्यांच्याशी भांडायचे, त्यांत आम्हीही आहोत.

कुशादासी म्हणजे पक्ष्यांचे बेट. किनाऱ्याला बांधाने जोडलेल्या लहानशा बेटावर जुना किल्ला आहे. बंदरात सोसायटीच्या इमारतीएवढी क्रूझ जहाजे लागतात आणि वाळूवर छत्र्यांच्या रांगाच रांगा असतात. पहिल्याच संध्याकाळी आमच्यातल्या एका काकांनी बसचा पडदा ओढून घेतला. "आपण तीर्थयात्रेला आलोय की मौजमजेला?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आम्हाला मात्र तेव्हाच वाटले, की ज्या इफिससाठी आपण इतक्या लांब आलो, तेही असेच बंदर होते. तिथेही खलाशी होते, बाजार होता, स्नानगृहे होती आणि अर्तमीच्या देवळाभोवती चालणारा धंदा होता. संत पौल त्या गावात सुमारे तीन वर्षे राहिला. त्याने पडदा ओढून घेतला नाही.

पण आमचे खरे भांडण पडद्याशी नाही, दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनाशी आहे.

इफिसचे अवशेष कुशादासीपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहेत. पौलाविरुद्ध सोनारांनी दंगा केला, तेव्हा जमाव ज्या नाट्यगृहात घुसला, त्याच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही बसलो. यात्राप्रमुखांनी प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय उघडला. इफिसकरांनी पहिली प्रीती सोडली, म्हणून प्रभूने त्यांची समई काढून घेतली, असे ते म्हणाले. मग त्यांनी हात फिरवून दाखवले. "बघा, काय उरले? इथे दगड, तिकडे हॉटेले आणि मशिदी." आम्ही सर्वांनी मोठ्याने "आमेन" म्हटले आणि ग्रुप फोटो काढला. असे प्रवचन करणारे ते एकटे नाहीत. सात मंडळ्यांच्या यात्रेला जाऊन आलेल्या पुष्कळांकडून आम्ही हेच ऐकले आहे. आणि ते खरे नाही.

ते पत्र पहिल्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. त्यानंतर इफिसची ख्रिस्तसभा मेली नाही. इ.स. ४३१ मध्ये त्याच गावात विश्वपरिषद भरली आणि पवित्र मरियेला 'देवमाता' म्हणणे योग्य आहे, हे तिथे ठरले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने जवळच्या टेकडीवर, संत योहानाची कबर मानल्या जाणाऱ्या जागी भव्य बासिलिका बांधली. समई विझली असती, तर त्या उजेडात एवढे काम कोणी केले?

गाव उजाड होण्याची कारणे अनेक आहेत, पण मोठे कारण पायांखालीच आहे. नाट्यगृहासमोरून बंदराकडे जाणारा संगमरवरी रस्ता पाहा. तो पाण्यापर्यंत जात नाही, बोरूच्या बेटात जाऊन संपतो. नदीने शतकानुशतके गाळ आणून टाकला, बंदर बुजले, समुद्र काही किलोमीटर मागे हटला. व्यापार गेला, दलदल आली आणि माणसे हळूहळू उठून गेली. नदीच्या गाळाला इफिसकरांचे पाप म्हणायचे का?

आणि माणसे उठून गेली, तरी विश्वास संपला नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगरातल्या शिरिंजे गावी गेलो, खरे तर तिथली फळांची वाइन पाहायला. त्या गावात संत योहान बाप्तिस्ताचे चर्च आहे, रिकामे. गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे ग्रीक ख्रिस्ती कुटुंबे नांदत होती. मग युद्ध झाले आणि १९२३ मध्ये लोझान इथे तुर्कस्तान व ग्रीस यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसकडे गेले. त्यांतले बहुतेक करारापूर्वीच जीव मुठीत धरून पळाले होते. साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात आणले गेले. भाषा कोणी विचारली नाही, धर्म पाहिला आणि माणूस बोटीत बसवला. या किनाऱ्यावरच्या शेवटच्या समया प्रीती आटली म्हणून विझल्या नाहीत. ज्यांच्या हातात त्या होत्या, त्यांना घराबाहेर काढले गेले. कागदावर ओढलेली रेघ घरादाराचे काय करते, हे सीमाभागातल्या आम्हाला कोणी शिकवायला नको. तरीही आम्ही "आमेन" म्हटले.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभूने सांगितले होते. ऐकणाऱ्यांकडे वळून तो म्हणाला, पश्चात्ताप तुम्ही करा. पडलेल्या दगडांवरून मेलेल्यांचा न्याय करायला त्याने मनाई केली आहे. मग इफिसच्या दगडांवर उभे राहून आम्ही कोणत्या अधिकाराने निकाल दिला?

कोणी म्हणेल, मग प्रकटीकरणातला इशारा खोटा का? मुळीच नाही. तो इशारा जिवंत माणसांना होता, एकत्र जमून वाचण्यासाठी होता. त्यात आधी त्यांच्या श्रमांची आणि धीराची स्तुती आहे, मग प्रीतीची तक्रार. ते पत्र दगडांना वाचून दाखवणे ही स्वतः न ऐकण्याची सर्वांत सोपी युक्ती आहे.

आपल्या मराठी मिस्साला बाके रिकामी दिसतात. लगेच कोणीतरी म्हणते, लोकांचा विश्वास कमी झाला. अहो, मुले पुण्याला गेली, बंगळुरूला गेली, आखातात गेली. तो गाळ आहे, त्याला पाप म्हणू नका. पण तिसऱ्या बाकावर दर रविवारी बसणाऱ्या एक आजी दिसेनाशा झाल्या. खुब्याचे हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले. त्या चार महिन्यांत याच यात्रेच्या तयारीसाठी आमच्या सहा बैठका झाल्या होत्या. हा गाळ नव्हे. ही सोडलेली पहिली प्रीती. पत्र आमच्याच पत्त्यावर आले होते.

आणखी एक सांगायलाच हवे. ज्यांच्याकडे बोट दाखवून "काय उरले" म्हटले गेले, ते आम्हाला मरियामातेच्या घरी भेटले. बुलबुल डोंगरावरच्या त्या छोट्या दगडी घराविषयी ख्रिस्तसभेने अंतिम निर्णय दिलेला नाही, पण १९६७, १९७९ आणि २००६ मध्ये तीन पोप तिथे प्रार्थनेला गेले. तिथे मिस्सा होते आणि मुसलमान स्त्रियाही येतात, कारण कुराणात मरियेच्या नावाचा अध्याय आहे. झऱ्यावर गर्दी होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईंनी आमच्यातल्या वयस्कर मावशींना हाताला धरून पुढे नेले आणि त्यांची बाटली भरून दिली. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती.

जवळच्या इझमीर शहरात, म्हणजे जुन्या स्मुर्णात, आजही कॅथलिक आर्चबिशप आहेत, चर्च आहेत, मिस्साला येणारी माणसे आहेत. आमच्या कार्यक्रमात त्यांच्यासोबत एकही मिस्सा नव्हती. चामड्याच्या कोटांच्या दुकानात मात्र दीड तास होता.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी दुकानाचा तो दीड तास काढून टाकावा आणि त्या मंडळीसोबत एक मिस्सा ठेवावी. शिरिंजेच्या रिकाम्या चर्चमध्ये, गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणि त्यांच्या जागी आणलेल्या मुसलमान कुटुंबांसाठीही दोन मिनिटे शांत उभे राहावे. संध्याकाळी कुशादासीच्या किनाऱ्यावर खुशाल फिरावे. आणि निघण्यापूर्वी आपल्या बाकावरचे कोण दिसत नाही, याची यादी करून त्या घरांची पायरी चढावी. आम्ही त्या आजींपासून सुरुवात केली आहे. पहिल्या भेटीत त्या रागावल्या होत्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी चहा करायला सांगितला.

हे प्रभो, दुसऱ्याच्या पडक्या भिंतीवरून आमची नजर उचल आणि आमच्या समईतले तेल आम्हाला दाखव. आमेन.