इंग्रजीचा बागुलबुवा

चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली पुण्यात राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने शाळा काढली, तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल'. पुढच्याच वर्षी दोन पत्रे निघाली. 'केसरी' मराठी आणि 'मराठा' इंग्रजी. त्यांपैकी इंग्रजी पत्राचे संपादन टिळकांकडे होते. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री मराठीचे कट्टर अभिमानी होते. स्वभाषेची निष्ठा आणि इंग्रजीवरील हुकमत यांत त्या पिढीला विरोध दिसला नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. तरीही अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मराठी माध्यमाचा हुशार मुलगा मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' एवढ्या प्रश्नाला अडखळतो आणि हाती आलेली नोकरी निसटते. घरचे दोष देतात माध्यमाला. धाकट्याची रवानगी इंग्रजी शाळेत होते. दोष खरा आहे तो पद्धतीचा. पाठ केलेली प्रश्नोत्तरे उतरवून गुण मिळतात; तोंड उघडण्याची वेळ वर्गात येतच नाही.

वास्तविक मराठी माणसाच्या इंग्रजीतील चुका ठरावीक आहेत आणि त्यांची मुळे मराठीतच सापडतात. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो आहे' हे शुद्ध मराठी. त्याचे शब्दशः रूपांतर 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' मात्र चुकीचे. इंग्रजीला येथे 'हॅव बीन लिव्हिंग' हवे, आणि काळाची लांबी सांगायची म्हणून 'फॉर'. 'सिन्स' येते ते आरंभ सांगताना, उदाहरणार्थ २०२० पासून. आपल्या 'पासून'ने दोन्ही कामे भागतात, म्हणून घोटाळा होतो. 'विषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट' जन्मते. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती गळतात. आपला 'व' एकच, इंग्रजीत दोन. एक वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, दुसरा ओठांचा चंबू करून. कार्यालयीन पत्रांतील 'डू द नीडफुल' तर साहेबाच्या जमान्यापासून चिकटले आहे. त्याऐवजी नेमके काय हवे ते एका सरळ वाक्यात लिहावे. (अवघड शब्द म्हणजे चांगले इंग्रजी, हा समजही त्याच जमान्यातला.)

ही मुळे ओळखू शकतो तो उत्तम मराठी जाणणारा शिक्षकच. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी पक्के केले, ते मराठीच्याच पायावर. ज्याला मराठीत चार वाक्ये नीट जुळवता येत नाहीत, त्याला शिकवणीवर हजारो रुपये खर्चूनही इंग्रजीत ती जुळवणे जडच जाणार.

वस्तीवस्तीत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी एखाद्या सभागृहात त्यांनी तासभर वर्ग घ्यावा. पुस्तक नको, शुल्क नको. दिवसभरात काय केले ते प्रत्येकाने इंग्रजीत सांगावे, वर्तमानपत्रातील एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, नोकरीचा एक अर्ज स्वतः लिहून आणावा. आणि कोणी चुकला तर हसण्यास मात्र सक्त मनाई असावी.