कायदा दिल्लीचा, दंडुका राज्याचा

२६ मार्च २००२ रोजी संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली. स्वतंत्र भारताच्या इतिहासातील अशी ही केवळ तिसरी बैठक होती. पहिली १९६१ साली हुंडाबंदी विधेयकासाठी झाली, तर दुसरी १९७८ साली बँक सेवा आयोग निरसन विधेयकासाठी. तिसरी झाली ती दहशतवाद प्रतिबंधक विधेयकासाठी, म्हणजेच 'पोटा'साठी. पाचच दिवसांपूर्वी राज्यसभेने हे विधेयक फेटाळले होते. संयुक्त बैठकीत ते ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. राष्ट्रीय लोकशाही आघाडीतील घटक पक्षांनी त्या दिवशी सरकारला साथ दिली. मात्र अडीच वर्षे उलटतात न उलटतात तोच हा कायदा इतिहासजमा झाला. त्याच्या जन्मापेक्षा त्याच्या अल्पायुष्याची कथा अधिक बोधप्रद आहे. आघाडीचे राजकारण आणि फौजदारी कायदा यांचे परस्परांशी का जमत नाही, याचे उत्तर त्या कथेत दडले आहे.

पोटाची आवश्यकता कोणी नाकारू शकत नव्हते. १९८५ साली आलेला 'टाडा' मे १९९५ मध्ये मुदत संपून लोपला. त्याच्या गैरवापराच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की, नरसिंह राव सरकारने त्याला मुदतवाढ दिली नाही. त्यानंतर सहा वर्षे देशात दहशतवादाविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदाच उरला नाही. विधी आयोगाने २००० साली आपल्या १७३ व्या अहवालात अशा कायद्याची शिफारस केली. १ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीनगरच्या विधानसभेवर हल्ला झाला, २४ ऑक्टोबरला अध्यादेश निघाला आणि १३ डिसेंबरला तर दहशतवादी थेट संसदेच्या आवारात शिरले. मित्रपक्ष, वृत्तपत्रसृष्टी व विरोधक यांच्या आक्षेपांनंतर सरकारने विधेयकाला बरीच मुरड घातली. पत्रकारांना जाचक ठरणारे माहिती देण्याच्या सक्तीचे कलम वगळले गेले. अध्यादेशातील पाच वर्षांची मुदत तीन वर्षांवर आली. मित्रांना सोबत घेऊन, त्यांच्या शंका ऐकून कायदा झाला. मग घडी विस्कटली कोठे?

मित्रच कोठडीत

ती विस्कटली तामिळनाडूत. जून २००२ च्या अखेरीस मदुराईजवळच्या तिरुमंगलम येथे एमडीएमकेचे नेते वायको यांनी 'लिट्टे'ची बाजू घेणारे भाषण केले. जुलैमध्ये ते परदेशातून चेन्नईला परतताच जयललिता सरकारच्या पोलिसांनी त्यांना पोटाखाली अटक केली. वायको हे विद्यमान खासदार आणि त्यांचा पक्ष रालोआचा घटक. संसदेत या कायद्याच्या पाठीशी उभा राहिलेला नेताच त्या कायद्याखाली गजाआड गेला आणि दीड वर्षाहून अधिक काळ वेल्लोरच्या तुरुंगात राहिला. लिट्टेसारख्या रक्तलांछित संघटनेचे गोडवे गाणे निषेधार्हच होते. राजीव गांधींच्या हत्येचे पातक ज्यांच्या माथी आहे, त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगणे कोणत्याही राष्ट्रहितैषी माणसाला मान्य होणार नाही. परंतु भाषण आणि बॉम्ब यांना एकाच तागडीत तोलायचे काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नव्हता. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटा घटनात्मक ठरविला. त्याच निर्णयात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, दहशतवादी कृत्याला चालना देण्याचा हेतू नसेल तर केवळ नैतिक पाठिंबा हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.

तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. करुणानिधींचा द्रमुक पोटाच्या गैरवापरावरून अस्वस्थ होता. केंद्राने पुनर्विलोकन समिती नेमली आणि २००३ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती करून तिचे मत सरकारांवर बंधनकारक केले. पण हे शहाणपण उशिरा सुचले. डिसेंबर २००३ मध्ये द्रमुक आणि एमडीएमके दोघांनीही रालोआची साथ सोडली. यामागे इतरही राजकीय गणिते होती. तरी पोटा हे दुराव्याचे मोठे कारण होते.

यातील मर्म असे की, सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे राज्यघटनेनुसार राज्यांचे विषय आहेत, तर फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. कायदा दिल्लीत होतो, त्याचा दंडुका मात्र राज्याच्या हाती असतो. दिल्लीतील आघाडीचा घटक पक्ष आपल्या राज्यात बहुधा विरोधी बाकावर बसलेला असतो. त्यामुळे दिल्लीत तो ज्या कायद्याला हात वर करून संमती देतो, तोच कायदा गावी त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातातील शस्त्र होतो. जयललिता तेव्हा रालोआत नव्हत्या, पण संयुक्त बैठकीत त्यांच्या पक्षाने पोटाला पाठिंबाच दिला होता. त्यांना कायदा हवा होता, तो कशासाठी हे पुढे दिसलेच.

आपला तो बाब्या

उत्तर प्रदेशात याच नाट्याचा दुसरा अंक रंगला. तेथे मायावतींचे सरकार भाजपच्या साथीने चालले होते. जानेवारी २००३ मध्ये कुंड्याचे आमदार रघुराज प्रताप सिंह ऊर्फ राजा भैया यांच्यावर पोटा लावण्यात आला. ते पूर्वी भाजप सरकारांत मंत्री होते. तेव्हा भाजपच्या प्रदेश नेतृत्वातूनच पोटा मागे घेण्याची मागणी उठली. मायावती बधल्या नाहीत. ऑगस्ट २००३ मध्ये आघाडी मोडली, मुलायमसिंह यादव सत्तेवर आले आणि सत्ता हाती येताच त्यांनी पोटाचे आरोप मागे घेण्याचा निर्णय घेतला. गुन्हेगारीच्या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा असतो. येथे कायदा लावला राजकारणाने आणि काढलाही राजकारणानेच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय दहशतवादविरोधी कायद्याला लागू झाला की त्याची धार दहशतवाद्यांसाठी उरत नाही.

ज्यांनी आणीबाणीत आप्तस्वकीयांना 'मिसा'खाली महिनोन्महिने तुरुंगात पाहिले, त्या घरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अंतर्गत सुरक्षेसाठी १९७१ साली केलेल्या त्या कायद्याने १९७५ साली वाजपेयी आणि अडवाणी यांनाच स्थानबद्ध केले. कायदा करणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो, तो उद्या कोणाच्या हाती जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

निरसनाचे नाटक

मे २००४ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडी सत्तेवर आली. तिच्या किमान समान कार्यक्रमात पोटा रद्द करण्याचे वचन होते. २१ सप्टेंबर २००४ रोजी अध्यादेशाने तो रद्द झाला. वस्तुतः तीन वर्षांची मुदत संपून तो महिनाभरात आपोआपच लोपला असता. मग ही घाई कशासाठी? ती मित्रपक्षांना आणि मतदारांना दाखविण्यासाठी होती. त्याच दिवशी १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून पोटातील दहशतवादविषयक बऱ्याच तरतुदी तेथे आणून बसविण्यात आल्या. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा मानण्याची तरतूद मात्र गळली. गंमत अशी की, महाराष्ट्रात युती शासनाने १९९९ साली आणलेल्या 'मोक्का'त ही तरतूद आहे आणि त्यानंतर पंधरा वर्षे येथे राज्य करणाऱ्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने तो कायदा हातचा जाऊ दिला नाही. दिल्लीत जे काळे, ते मुंबईत गोरे!

आणि मग २६ नोव्हेंबर २००८ उजाडला. मुंबईच्या रस्त्यांवर रक्त सांडल्यावर त्याच सरकारने डिसेंबरमध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला, आरोपपत्राविना कोठडीची कमाल मुदत १८० दिवसांपर्यंत नेली आणि जामीन अत्यंत कठीण केला. चार वर्षांपूर्वी जे अमानुष होते, ते चार वर्षांनी अपरिहार्य ठरले. २०१२ साली राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कल्पना निघाली, तेव्हा संपुआतील तृणमूल काँग्रेसनेच राज्यांच्या अधिकारांवर आक्रमण म्हणून तिला कडाडून विरोध केला आणि ती बारगळली. रालोआशासित राज्यांचे मुख्यमंत्रीही त्या विरोधात सामील होते. या दुखण्यातून कोणतीच आघाडी सुटलेली नाही.

किंमत कोणाची?

पक्षांच्या या ओढाताणीची किंमत मोजतात ते दोघे. एक, स्फोटात ज्याचा माणूस गेला तो. आणि दुसरा, ज्याला निरपराध असूनही गोवले गेले तो. अक्षरधाम मंदिरावर सप्टेंबर २००२ मध्ये हल्ला झाला. पोटाखाली शिक्षा झालेल्या सर्व आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष मुक्त केले आणि तपासावर कठोर ताशेरे ओढले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक जीव गेले. मोक्काखालील त्या खटल्यात २०१५ साली शिक्षा झालेल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सोडले. त्यांचे कबुलीजबाब न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. याउलट संसद हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अफजलचा कबुलीजबाब बाजूला ठेवला, तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर त्याची शिक्षा कायम राहिली. यातून निघणारा बोध सरळ आहे. खटला टिकतो तो तपासामुळे. नुसत्या कलमांच्या कडकपणाने तो टिकत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने तीन नव्या फौजदारी संहिता संमत केल्या आणि १ जुलै २०२४ पासून त्या लागू झाल्या. ब्रिटिशांच्या दंडसंहितेचे जू उतरले, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र त्या संमत झाल्या तेव्हा भाजपकडे स्वबळाचे बहुमत होते आणि शंभराहून अधिक विरोधी खासदार निलंबित होते. २०२४ च्या निवडणुकीनंतर २४० जागांवर थांबलेल्या पक्षाला तेलुगू देसम आणि जनता दल (संयुक्त) यांच्या साथीने सरकार स्थापन करावे लागले. बहुमताच्या बळावर झालेल्या कायद्याला पुढे सहमतीच्या वातावरणातच रुजावे लागते. त्या मुळांना पाणी घालायचे तर पुनर्विलोकन समित्यांना प्रारंभापासूनच अधिकार हवेत. कायदा कोणावर लावायचा, याचा निर्णय मंत्र्याच्या दालनात न होता अभियोक्त्याच्या मेजावर झाला पाहिजे. तसेच खोटा खटला भरणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारणारी सोय प्रत्यक्षात चालली पाहिजे.

राष्ट्राच्या सुरक्षेचा कायदा हा कोणत्याही आघाडीच्या सौद्यातील नाणे नव्हे. तो मित्राला वाचवण्यासाठी वाकवला किंवा प्रतिस्पर्ध्याला ठेचण्यासाठी उगारला, तर दहशतवाद्याला त्याची भीती उरत नाही. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, असे म्हणतात. मिसा, टाडा आणि पोटा अशा तीन ठेचा देशाला लागल्या आहेत. चौथी लागेपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही.