पेन फिरवणारी बोटे

अभ्यासाला बसलेला मुलगा बोटांवर पेन फिरवू लागला, की आपण लगेच ओरडतो, "पेन खाली ठेव!" जपानमध्ये या खेळाला 'पेन मावाशी' म्हणतात. मावशी नव्हे, मावाशी, म्हणजे फिरवणे. प्रवेश परीक्षा हुकल्यामुळे पुन्हा वर्षभर तयारी करणाऱ्या मुलांना तिथे 'रोनिन' म्हणतात. त्यांच्यावरून 'रोनिन मावाशी' असेही नाव पडले.

1990 च्या दशकात हिदेआकी कोन्दो यांनी या करामती गोळा केल्या, त्यांना नावे दिली आणि सर्वांपुढे मांडल्या. मधल्या बोटाने ढकलून पेन अंगठ्याभोवती फिरवायचे, ते 'थम्बअराउंड'. नाव मिळाले, म्हणून दूरदेशीची मुलेही ती करामत विचारू, शिकू आणि शिकवू लागली. शिकलेल्यांनी स्वतःची भर घातली. कोणी जुन्या पेनांचे सुटे भाग जोडून, दोन्ही टोकांचे वजन सारखे करून खास पेन बनवले.

पालकांनो, अभ्यासाच्या वेळी अभ्यासच हवा. पण तो आटोपल्यावर मुलाला एकदा म्हणा, "दाखव बघू, कसे फिरवतोस!" आणि धाकट्या बहिणीलाही शिकवायला सांगा. टोपण मात्र घट्ट लावा, नाहीतर शाई कपड्यांवर!