दस्तकाविना कोळी : झाडावरचा टॅरंटुला निवडण्यापूर्वी

#धागा

१/ ‘संग्रहात झाडावर राहणारा एखादा नवा टॅरंटुला घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?’ या प्रश्नाची उत्तरे बहुधा रंग, वेग आणि किंमत यांच्या भाषेत मिळतात. निळा हवा की पट्टेदार, शांत हवा की चपळ, एवढ्यावर चर्चा संपते. तो कोळी मुळात आला कुठून, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते निवडीचा पहिला निकष तोच असला पाहिजे. तसे का, हे या धाग्यात मांडत आहे.

२/ आरंभ जयगडपासून. शास्त्री नदीच्या मुखाशी खाडीवर नजर ठेवून उभा असलेला हा किल्ला. बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात १७१३ साली तह झाला, त्यात आंग्र्यांकडे राहिलेल्या दहा प्रमुख किल्ल्यांत जयगड होता. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताने आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, जवळ बाळगावे असा दंडक होता. दस्तक नसेल तर गलबत धरले जाई. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले. आंग्र्यांच्या लेखी तो आपल्या समुद्रावरचा हक्क होता. ‘दस्तक’ हा शब्द ध्यानात ठेवावा.

३/ आता ‘टॅरंटुला’ या शब्दाकडे. इटलीतील तारांतो शहराच्या परिसरात एका कोळ्याच्या दंशावर नाचणे हाच उतारा, अशी समजूत होती. तारांतेला हे नृत्य त्याच परंपरेतले. तो कोळी मात्र जमिनीवर हिंडणारा, आजच्या वर्गीकरणात अगदी निराळ्या कुळातला. पुढे युरोपीय लोक अमेरिका खंडात गेले, तेथे त्यांना मोठे केसाळ कोळी दिसले, आणि घरून नेलेले नाव त्यांनी त्यांना चिकटवले. म्हणजे नावावरून मूळ ठिकाण कळेलच, असा भरवसा या प्राण्याच्या बाबतीत आरंभापासूनच नाही.

४/ वृक्षवासी टॅरंटुलाचे सर्वांत गाजलेले जुने चित्र मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीचे. १६९९ ते १७०१ या काळात ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत राहिली आणि १७०५ साली तिने आपला चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पेरूच्या फांदीवर एक केसाळ कोळी चिमुकल्या गुंजनपक्ष्याला खाताना दाखवला आहे. लिनिअसने १७५८ साली या कोळ्याला ‘अ‍ॅव्हिक्युलॅरिया’ हे नाव दिले. त्यामागचा लॅटिन शब्द ‘लहान पक्षी’ या अर्थाचा. नंतरच्या कित्येक विद्वानांनी मेरियनचे म्हणणे कपोलकल्पित ठरवले.

५/ तिची बाजू खरी ठरण्यास शतकाहून अधिक काळ लागला. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स याने असा कोळी पक्ष्यांना मारताना प्रत्यक्ष पाहिला आणि १८६३ च्या आपल्या ग्रंथात ते नोंदवले. त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. त्याच्यासाठी नमुने गोळा करणाऱ्या एका स्थानिक कुटुंबातील मुलांनी अशा एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधली होती, आणि कुत्रा फिरवावा तसे ती त्याला घरभर फिरवीत होती. पाळीव टॅरंटुलाचा इतिहास लिहायचा, तर तो या मुलांपासून सुरू करावा लागेल.

६/ आता मुंबई. १५ सप्टेंबर १८८३ रोजी येथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना झाली. संस्थापक आठ, त्यांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे अध्वर्यू आत्माराम पांडुरंग, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. तिसरे नाव आपल्या किनाऱ्याशी जोडलेले आहे : एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. साताऱ्यात जन्मलेला हा गृहस्थ जकात व मीठ खात्यात नोकरीस होता आणि रत्नागिरीतही त्याची नेमणूक झाली होती. आंग्र्यांच्या दस्तकानंतर दीड शतकाने याच कोकणपट्टीत मालाचे कागद तपासणारा अधिकारी फावल्या वेळात किडे-पाखरांच्या नोंदी करीत होता.

७/ त्या काळात हिंदुस्थानभर विखुरलेले अधिकारी आणि हौशी निरीक्षक आपले नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवीत. तेथे रेजिनाल्ड पोकॉक हा कोळ्यांचा तज्ज्ञ होता. १८९९ साली त्याने आपल्या झाडांवरच्या मोठ्या कोळ्यांचे, ‘पोएसिलोथेरिया’ या प्रजातिगटाचे, सविस्तर वर्णन केले. १९०० साली त्याचा हिंदुस्थानातील अष्टपादांवरचा ग्रंथ निघाला. पश्चिम घाटात आढळणारी ‘पोएसिलोथेरिया रेगॅलिस’ ही पट्टेदार, राजस जात त्यानेच नामांकित केली. नमुन्यासोबत एक चिठ्ठी असे : ठिकाण आणि पाठवणारा. ती चिठ्ठी नसेल, तर नमुन्याचे मोल जवळपास संपले.

८/ पण चिठ्ठीही फसवू शकते. १८९९ सालीच पोकॉकने एकाच मादीवरून ‘पोएसिलोथेरिया मेटॅलिका’ या झळझळीत निळ्या कोळ्याचे वर्णन केले. ठिकाण लिहिले होते : गुत्ती. मराठी इतिहासाच्या वाचकाला हे गाव परके नाही. मुरारराव घोरपड्यांची गादी ती हीच; १७७६ साली हैदरअलीने ती जिंकली. आज जगभरच्या पाळीव प्राण्यांच्या दरपत्रकांत हा कोळी ‘गुटी’ या नावाने विकला जातो. ते नाव मुराररावांच्या गुत्तीचे आहे, हे विकणाऱ्याच्या गावीही नसते.

९/ गंमत अशी की तो कोळी गुत्तीचा नव्हताच. पहिली मादी सापडली ती गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत. कुठल्या तरी जंगलातून तोडून आणलेल्या ओंडक्याच्या पोकळीत बसून ती आगगाडीने आली असावी. त्यानंतर शंभर वर्षे ही जात कोणाला दिसली नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात पुन्हा आढळली, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर. ज्या लाकूडतोडीमुळे ती विज्ञानाला कळली, तीच लाकूडतोड आज तिच्या मुळावर आली आहे. २००८ साली ‘आययूसीएन’ने तिला अतिसंकटग्रस्त ठरवले, तिचे ज्ञात क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी आहे.

१०/ पुनर्शोधानंतर अल्पावधीतच तिची पिल्ले परदेशी बाजारात दिसू लागली. भारताच्या निर्यात धोरणात वन्य प्राण्यांच्या निर्यातीस मनाई आहे. मग पहिल्या माद्या कोणत्या कागदावर बाहेर गेल्या? परदेशातील ज्या पेट्यांत आज तिची कितवी तरी पिढी नांदते आहे, तेथे हा प्रश्न विचारणे शिष्टाचाराला सोडून मानले जाते. आंग्र्यांच्या भाषेत सांगायचे, तर गलबत दस्तकाविनाच बंदराबाहेर पडले.

११/ यावर एक प्रामाणिक प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. पाळणाऱ्यांनी या जातीची पैदास इतकी केली की आता जंगलातून मादी पकडण्याचा मोह कमी झाला. शिवाय वाढीचा वेग, कात टाकण्याचे अंतर, मादीचे आयुष्य यांविषयी त्यांच्या नोंदींतून बरेच कळले. हे खरे आहे. परंतु पेटीतल्या त्या पिढ्यांना जंगलाकडे परतण्याची वाट नाही. पूर्वज कोणते, मध्येच दुसऱ्या जातीशी संकर झाला का, हे कोणी खात्रीने सांगू शकत नसेल, तर ते प्राणी नंद्याळच्या जंगलाच्या उपयोगाचे नाहीत. जात बाजारात वाढली, एवढ्याने ती तिच्या झाडावर वाचली असे होत नाही.

१२/ कायदा उशिरा आला, पण आला. श्रीलंका आणि अमेरिका यांच्या प्रस्तावावरून २०१९ साली पोएसिलोथेरियाचा संपूर्ण गट आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आला. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन साइटीसमधील प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक झाले आणि २०२४ च्या नियमांनी त्याची पद्धत घालून दिली. दस्तक पुन्हा आले, असे म्हणता येईल.

१३/ तेव्हा निवड कशी करावी? माझे उत्तर सरळ आहे. पहिले : भारतातील कोणताही पोएसिलोथेरिया पेटीत नको. तो जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो, आणि एकाच ढोलीत मादी व तिची पिल्ले कित्येकदा एकत्र सापडतात. ढोली फोडून एक मादी काढणे म्हणजे अख्खे बिऱ्हाड उठवणे. शिवाय अमेरिकेतल्या बहुसंख्य टॅरंटुलांप्रमाणे खाजरे केस त्याच्याकडे नाहीत. त्याचा भरवसा वेगावर आणि विषावर. दंशानंतर स्नायूंत असह्य पेटके येऊ शकतात. नवख्याने हौसेखातर हात घालावा असा हा प्राणी नाही.

१४/ दुसरे : परदेशी जात घ्यायचीच असेल, तर मेरियनच्या चित्रातला अ‍ॅव्हिक्युलॅरिया अधिक सयुक्तिक, पण तोही पैदाशीतलाच आणि कागदासह. २०१७ साली ब्राझीलच्या अभ्यासकांनी या गटाची फेरमांडणी केली, अनेक जाती निराळ्या गटांत हलवल्या आणि एका नव्या जातीला मेरियनचे नाव दिले. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरचे नाव आज चुकीचे असू शकते. याला उभी पेटी, वर चढायला सालीचा तुकडा आणि मुख्य म्हणजे खेळती हवा लागते. ओलसर, कोंदट डब्यात हे कोळी मरतात. मादी कित्येक वर्षे जगते. तेवढी वर्षे घरात कोण असेल, हे आधी ठरवावे.

१५/ तिसरे : विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. नाव कोणत्या आधारावर? आई-बाप कोणाकडचे, कुठल्या प्रदेशातले? देशात येताना आयातीचा परवाना कोणता होता? आणि जात आज साइटीसच्या यादीत आहे का, हे स्वतः पडताळून पाहावे. एकाही प्रश्नाला उत्तराऐवजी हसू मिळाले, तर माघारी फिरावे. टपालाच्या डबीत कापसात गुंडाळून आलेले पिल्लू कितीही देखणे असले, तरी ते तस्करीच्या मालात मोडते.

१६/ आणि चौथे, खास कोकणातल्यांसाठी. ज्यांच्या गावात देवराई, जुनी आंबा-फणसाची झाडे आणि ढोल्या अजून शाबूत आहेत, त्यांनी कोळी विकत घेण्याऐवजी झाड निवडावे. पावसाळ्याच्या तोंडावर रात्री, तांबड्या प्रकाशाच्या विजेरीने, हात न लावता पाहावे. तारीख, झाडाची जात, जमिनीपासूनची उंची, हवामान हे वहीत लिहावे. जयगडच्या परिसरात बंदर आणि वीज प्रकल्प उभे राहिले आहेत. अशा गावात कोणत्या जुन्या झाडात काय राहत होते, याची आजची नोंद उद्याचा दस्तऐवज ठरेल. कोळी दिसला नाही, हीसुद्धा नोंदच.

१७/ एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. पोकॉकच्या काळी नेमके ठिकाण लिहिणे हे विज्ञानाचे कर्तव्य होते. आज समाजमाध्यमावर नेमके ठिकाण टाकणे म्हणजे पकडणाऱ्याच्या हाती नकाशा देणे. अभ्यासकाला अचूक जागा द्यावी. जगाला तालुका पुरे.

१८/ संग्रह करण्याची ओढ वाईट नाही. आपली वस्तुसंग्रहालये, दप्तरे आणि नाण्यांच्या पेट्या त्याच ओढीतून उभ्या राहिल्या. पण चोरट्या उत्खननातून आलेले नाणे आपण हातात धरीत नाही, कारण ते कोणत्या थरातून निघाले हे कायमचे पुसले गेलेले असते. जिवंत कोळ्याच्या बाबतीत आपण त्याहून सैल का असावे? नाणे निदान त्या थरात नवी नाणी घालत नव्हते. ढोलीतली मादी घालत होती.