हिरवळीखालचे श्रम

अमेरिकेच्या उपनगरांत घरापुढची हिरवळ ही गृहस्थाच्या अब्रूची खूण समजली जाते. ती राखणाऱ्या माणसाची अब्रू मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. गवत कापणे, खत टाकणे, तणनाशक फवारणे ही कामे कंपन्या कंत्राटाने घेतात आणि कामगार भर उन्हात या अंगणातून त्या अंगणात धावत राहतो. फवारणी झाली की गवतात इशाऱ्याची चिमुकली निशाणे रोवली जातात. मुलांनी व कुत्र्यांनी दूर राहावे. ती रोवणारा मात्र दिवसभर त्याच औषधात वावरतो!

कॅलिफोर्नियात शाळांची मैदाने राखणाऱ्या ड्वेन जॉन्सनला कर्करोग झाला. २०१८ साली ज्यूरीने तणनाशक बनविणाऱ्या मोन्सँटोला सुमारे २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाईचा हुकूम केला. २०२० मध्ये अपिलात ती सुमारे २ कोटींवर आली. ग्लायफोसेटविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे खरे. पण मतभेद मिटेपर्यंतचा धोका पत्करायचा कोणी? अर्थात कामगाराने.

या धंद्यातले पुष्कळसे हात मेक्सिकोतून मोसमी परवान्यावर येतात. तो एच-२बी परवाना मालकाच्या अर्जावाचून मिळत नाही. पुढच्या मोसमातही बोलावणे त्यानेच धाडायचे! मग ओव्हरटाइम मागायचा कोणत्या तोंडाने, आणि युनियन बांधायची केव्हा?

उन्हात राबणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती सक्तीने देण्याचा नियम कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये केला. साऱ्या देशासाठी तसल्या नियमाचा नुसता मसुदा निघायला २०२४ साल उजाडले.