पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

माझ्या भाचीला नवी नोकरी लागली. काम घरूनच आणि स्वतःचा लॅपटॉप वापरायची परवानगी. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर नवे विंडोज चालत नव्हते, म्हणून तिने त्यावर उबंटू टाकले होते. पहिल्याच दिवशी ती थंडरबर्डमध्ये कंपनीचा ईमेल जोडायला बसली. पासवर्ड दिला तर उत्तर आले, चुकीचा. पुन्हा दिला, पुन्हा तेच. सात-आठ वेळा असे झाल्यावर खातेच लॉक झाले.

"खाला, मी अजून प्रोबेशनवर आहे. मेल वाचले नाहीत तर काय म्हणतील?" ती रडवेली झाली होती. शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स असल्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

पासवर्ड बरोबरच होता. चूक वेगळीच होती. साधा ईमेल प्रोग्राम आयमॅप या पद्धतीने पत्रे आणतो, बहुधा 993 क्रमांकाच्या पोर्टवरून, आणि एसएमटीपीने पाठवतो, बहुधा 587 वरून. पुष्कळ कंपन्यांमध्ये मात्र मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर असतो आणि तिथे आयमॅप बंद ठेवलेले असू शकते. शिवाय मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022 पासून आपल्या क्लाउडवरील एक्स्चेंजमध्ये आयमॅपसाठी नुसते नाव आणि पासवर्ड घेणे बंद करायला सुरुवात केली. आता ओऑथ2 लागते. यात लॉगिनचे पान उघडते, गरजेप्रमाणे मोबाइलवर खात्री होते आणि प्रोग्रामला पासवर्डऐवजी टोकन मिळते. भाचीच्या सेटिंगमध्ये जुनीच पद्धत निवडलेली होती.

मी म्हटले, "कंपनीच्या आयटी विभागाला फोन कर." तिला लाज वाटत होती. "त्यापेक्षा सगळे मेल माझ्या खाजगी खात्यावर फॉरवर्ड करून घेते," म्हणाली. मी स्पष्ट नाही म्हटले. त्या पत्रांत ग्राहकांची माहिती असते. ती आपल्याकडे अमानत आहे, आपल्या सोयीसाठी बाहेर नेता येत नाही.

शेवटी तिने फोन केला आणि चार गोष्टी विचारल्या: सर्व्हर कोणता, आयमॅप चालू आहे का, ओऑथ2 लागते का, आणि लिनक्सवरचा प्रोग्राम वापरायची मुभा आहे का. त्यांनी खाते उघडून दिले आणि तोपर्यंत ब्राउझरमध्ये मेल वाचायला सांगितले. आयमॅप बंदच होते. मग आम्ही इव्होल्यूशन हा प्रोग्राम आणि त्याच्यासोबत इव्होल्यूशन-ईडब्ल्यूएस हे पॅकेज टाकले. खाते जोडताना प्रकार 'एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस' आणि खात्रीची पद्धत 'ओऑथ2' निवडली. कंपनीचे लॉगिन पान उघडले. पण पुढे 'प्रशासकाची मंजुरी हवी' असा संदेश आला. हा अडथळा आपल्याला घरून काढता येत नाही. तिने पुन्हा आयटीला कळवले, दुसऱ्या दिवशी मंजुरी मिळाली आणि मेलबरोबर कॅलेंडरही आले.

एक सूचना: क्लाउडवरील एक्स्चेंजमधली ही वेब सर्व्हिसेसची सोय टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. त्यामुळे आज जोडणाऱ्यांनी कोणती पद्धत पुढेही चालेल, हे आयटीलाच विचारावे.

वर्गात मी मुलांना रोज सांगते, समजले नाही तर हात वर करा. घरून नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हेच सांगायला हवे. आठ वेळा पासवर्ड टाकण्यापेक्षा एकदा विचारलेले बरे.