पाण्यावरचे चार दिवस

केरळच्या सहलीत बहुतेक कुटुंबे आलेप्पीला हाउसबोटीत एक रात्र राहतात, भरपूर फोटो काढतात आणि मुन्नारच्या वाटेला लागतात. हाताशी चार दिवस असतील तर कोल्लम ते कोची हा प्रवास टप्प्याटप्प्याने पाण्यातूनच करून पाहा. सरोवरे, नद्या आणि कालवे जोडून हा मार्ग झाला आहे. कोल्लम ते कोट्टापुरम हा १६८ किलोमीटरचा पट्टा १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला.

पहिला दिवस कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरासाठी ठेवा. दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघा. दोन्ही काठांवर नारळाची झाडे आणि घरांची अंगणे लागतात. अंबलपुळाजवळ करुमाडीला काळ्या दगडातली बुद्धमूर्ती आहे. तिचा डावा भाग आता उरलेला नाही. तिसऱ्या दिवशी कुट्टनाड. इथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालून, पंपाने पाणी उपसून ती पिकवतात. बोटीतून पाहताना शेत पाण्यापेक्षा खाली दिसते, तेव्हा मुलांना भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही. चौथ्या दिवशी वेंबनाड सरोवर, कुमरकोमचे पक्षी अभयारण्य आणि पुढे कोची.

ज्या हाउसबोटीत तुम्ही राहता, ती मूळची मालवाहू होडी, केट्टुवल्लम. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, खिळा न वापरता ती बांधत आणि तिच्यातून तांदूळ व मसाले नेत. आता ती पर्यटकांना नेते.

इथेच थोडा विचार करायला हवा. काठावरच्या घरांतली भांडी आणि कपडे याच पाण्यात धुतले जातात. भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून १९७६ मध्ये तण्णीरमुक्कमला बंधारा झाला. त्याची दारे बंद असली की वेंबनाडमधला प्रवाह थांबतो, जलपर्णी माजते आणि माशांची ये-जा अडते. अशा साचलेल्या पाण्यात बोटींचे सांडपाणी आणि डिझेल पडले, तर ते वाहून तरी कुठे जाणार?

म्हणून बोट ठरवताना भाड्याइतकीच घासाघीस आणखी एका प्रश्नावर करा : शौचालयाची टाकी कुठे रिकामी करता? उत्तर टाळले, तर दुसरी बोट पाहा. चौघांच्या कुटुंबाने तीन खोल्यांची बोट घेऊ नये. एखादा टप्पा राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटीने करा. आपल्याकडे जशी एसटी, तशी तिथे ही बोट. भाडे अगदी कमी आणि शेजारी बसलेले असतात शाळकरी मुले, भाजीवाल्या नि कचेरीत निघालेले लोक.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुंबईहून कोकण रेल्वेमार्गे जाणारी नेत्रावती एक्सप्रेस कोल्लमला थेट पोहोचवते. सामान कमी घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या मात्र मोजून न्या आणि तितक्याच परत आणा.